खड्डेसाहेबांचा शेरा

खड्डा खणायचा, पाण्याने भरायचा आणि घड्याळ लावून किती मुरतं ते मोजायचं. अठ्ठावीस वर्षं हेच केल्यावर लोक माणसाला खड्डेसाहेब म्हणणार नाहीत तर काय राजेसाहेब म्हणतील? नगरपालिकेत सेप्टिक टँकचा अर्ज आला की जागा तपासायला हेच. पण बायको गेल्याला वर्ष झालं, तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. जेवण गोड लागेना की कडू लागेना.

या वेळचा अर्ज त्यांच्याच मुलाचा होता. दोन खोल्यांत आता भागत नव्हतं. शेजारच्या मोकळ्या जागेत घर होईल, नाहीतर बायको आणि लेकीला घेऊन सासुरवाडीला जाऊन राहीन, असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. अर्ज घरचाच आहे, तपासणी दुसऱ्याला द्या, असं साहेबांनी वरिष्ठांना कळवलं. दुसरा माणूस आहे कुठे, तुम्हीच उरका, असं उत्तर आलं.

सोमवारी खड्ड्यातलं पाणी बघता बघता गडप झालं. मुलगा खूश. "बघा बाबा, कसं झरझर मुरतंय."

अहो, तिथेच तर गोम आहे. पाणी असं पळालं तर माती त्याला गाळणार कधी? घाण थेट उतारावरच्या विहिरीत जायची. साहेबांनी निरुपद्रवी हिरवा रंग कालवून आणखी पाणी ओतलं आणि घरी गेले.

विहीर खालच्या आजीबाईंची. तोंडाच्या फटकळ, साहेबांशी दहा वर्षं वाकडं. बुधवारी सकाळी त्या बादली घेऊन दारात उभ्या. "काय हो, हे पाणी हिरवं कशानं झालं?"

"रंग आहे, बाधत नाही. दोन दिवस आमच्याकडून पाणी न्या. कारण लेखी कळवतो."

त्या गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "शेवाळ होतं म्हणून लिहा ना. त्या भांडकुदळ बाईसाठी नातीला लांब धाडणार का?"

साहेबांनी फॉर्म ओढला. जमीन वाळूची, विहीर बावीस मीटरवर, रंग दोन दिवसांत पोचला. शेरा: नामंजूर. खाली सही करून शिक्का मारला.

"बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

दाढ काढल्यावर जीभ फिरवून बघावी तसं त्यांनी खरंच आत चाचपून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "वाटलं असतं ना, तर शेवाळच लिहिलं असतं."