रा, री, रू, रे, रो

जपानी शिकवणारी ती बाई मला पहिल्या तासापासून आवडली नाही, आणि मी तिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी तिच्याबद्दल काही चांगलं बोलेन अशी कोणी वाट बघायला नको.

क्लास उल्हासनगरात होता. खाली जीन्स शिवणाऱ्यांचे गाळे, वर आमची खोली. मशिनींची थरथर फरशीतून पायांत यायची. बाई बदलापूरला खरवईच्या बाजूला नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायची, नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं जपानात काढून आलेली. तिला आम्ही सेन्सेई म्हणायचं; शिकवणाऱ्यांना तिकडे तसंच म्हणतात. मी बी. कॉम. होऊन अंबरनाथच्या एका कंपनीत डिस्पॅचला होते. तिथे ज्यांना जपानी यायचं त्यांना वेगळी केबिन होती, साहेब लोक त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसून बोलायचे. मला ती केबिन हवी होती.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी जपानीत आपली ओळख करून द्यायची होती. मी नुसतं नाव सांगितलं.

"आडनाव?" सेन्सेईनं मराठीत विचारलं.

सांगितलं.

"हं. राहायला कुठे?"

"मोरिवली."

"मोरिवलीत कुठे?"

तिला काय हवं होतं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं. मी म्हटलं, "विहाराच्या मागे." ती पुढच्या मुलीकडे वळली. त्या मुलीला तिनं राहायला कुठे हे विचारलं नाही.

त्यानंतर ती माझ्या उच्चारांच्या मागे लागली. मी अडखळले की वर्ग थांबायचा. तीच चूक दुसऱ्या कोणी केली तर हसून पुढे. एकदा तिनं फळ्यावर त्यांच्या अक्षरांचा क्रम लिहिला. अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. मी कुठेतरी वाचलेलं बोलून गेले. "सेन्सेई, हा क्रम आपल्यासारखाच आहे ना? इथली अक्षरं बौद्ध भिक्खूंनी तिकडे नेली, त्यावरून आलाय म्हणतात."

"तुम्हा लोकांना सगळीकडे तेच दिसतं," ती म्हणाली आणि फळा पुसायला घेतला.

तुम्हा लोकांना. घरी येईपर्यंत ते दोन शब्द माझ्या कानशिलांत वाजत होते. क्लास सोडावा असं एकदा वाटलं. पण आजूबाजूला दुसरा क्लास नव्हता, आणि तिला तेच हवं असणार.

वर्षाच्या शेवटी क्लासचा कार्यक्रम ठरला. जपानी गाण्यांच्या भेंड्या. आपल्या भेंड्यांत समोरच्याचं गाणं जिथे संपेल ते अक्षर घ्यायचं; इथे तसं नव्हतं. गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर धरायचं आणि त्या अक्षराच्या ओळीतली गाणी एकेकानं तयार करायची. 'क' च्या ओळीवाल्यानं का, की, कू, के, को या अक्षरांनी सुरू होणारी, 'स' वाल्यानं सा पासून. सेन्सेईनं ओळी वाटल्या. तिच्या लाडक्या मुलीला 'अ', तिच्याच कॉम्प्लेक्समधल्या मुलाला 'क'. ढिगानं गाणी त्या ओळींत. मला 'र'.

"सेन्सेई, 'र' मध्ये फारशी गाणी नाहीत."

"जुन्या जपानी शब्दांची सुरुवात 'र' नं व्हायचीच नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "त्या ओळीत बहुतेक बाहेरून घुसलेले शब्द. तुला जमेल ती ओळ."

दोघीतिघी हसल्या. मी त्या दिवशी ठरवलं की ही ओळ मी अशी उभी करीन की हिचे दात घशात जातील.

महिनाभर मी मोबाइलवर तेच केलं. 'रा' ची गाणी मिळाली, 'रे' चीही, बरीचशी इंग्रजी शब्दांची नावं असलेली. 'री' चं एक जुनं निरोपाचं गाणं मिळालं. 'रू' काही केल्या मिळेना. शेवटी एक बालगीत सापडलं, घरचे सगळे बाहेर गेल्यावर घर राखत बसलेल्या मुलीचं. शब्द सोपे, चाल अशी की एकदा ऐकली की डोक्यातून जात नाही.

ती चाल बसवली पप्पांनी. पप्पा केमिकल कंपनीतून रिटायर झालेले, विहाराच्या गायन पार्टीत पेटी वाजवतात. मी मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी डोळे मिटले, दोनदा ऐकलं आणि पेटी ओढली.

"याच्या नावात काय हाय?" त्यांनी विचारलं.

मी नाव सांगितलं.

"आनि गान्यात तर ते कुठं येत न्हाई."

"तिकडे नाव वेगळं असतं पप्पा, मुखडा वेगळा."

"मग वळखायचं कसं?" ते खरंच वैतागले. "नाव येक, गानं येक. बरं, तू सूर धर. शब्द मागनं येतील."

शब्द माझे आले, त्यांचेही थोडे आले, चुकीचे. ते चुकीचे शब्द ते मोठ्यांदा गायचे. शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणाल्या, "भाऊ, ही काय नवीन वंदना काढली?" पप्पा हसले नाहीत. "जपानी हाय," त्यांनी ऐटीत सांगितलं.

कार्यक्रम उल्हासनगरातल्या एका लहान हॉलमध्ये झाला. पाहुणे म्हणून एक वयस्कर जपानी गृहस्थ आले होते, कुठल्याशा कारखान्याचे सल्लागार. पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. 'अ' झालं, 'क' झालं, लाडक्या मुलीला दोनदा वन्स मोअर मिळाला. 'म' झालं, 'य' झालं. 'व' कोणाला दिलेलंच नव्हतं, उरलं फक्त माझं 'र'. मी उठून स्टेजच्या पायरीपाशी उभी राहिले. सेन्सेईनं माझ्याकडे बघितलं, माइक तोंडाशी घेतला आणि म्हणाली, "वेळेअभावी आपण इथेच थांबतो. आता बक्षीस समारंभ."

"'र' राहिलाय," मी म्हटलं.

तिनं ऐकलं नाही असं दाखवलं. मी पायऱ्या चढून वर गेले. "सेन्सेई, 'र' ची ओळ राहिलीय."

"खाली जा," ती माइक बाजूला करून दातांतून म्हणाली. "तमाशा करू नकोस."

मी माइक मागितला. तिनं तो बंद करून पर्समध्ये टाकला. खरंच पर्समध्ये. मग मी तशीच गायला लागले, 'रू' चं. हॉलमध्ये पंखे जोरात होते, माझा आवाज पहिल्या तीनचार रांगांच्या पुढे गेला नसेल. मागून पप्पांनी खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला, आणि त्यावर मी दोन कडवी पूर्ण केली. जपानी गृहस्थ मान किंचित वाकवून ऐकत राहिले. त्यांना ते गाणं माहीत होतं की नाही, कोण जाणे. टाळ्या पडल्या त्या थोड्या, अवघडलेल्या. मला पुरेशा होत्या.

जिन्यात तिनं मला गाठलं. "माझ्या क्लासमध्ये परत पाऊल टाकायचं नाही. पाहुण्यांसमोर लाज काढलीस."

"लाज तुमची गेली, माझी नाही."

"संस्कारच नाहीत तुमच्यात."

पप्पा माझ्या मागे होते. ते एरवी बाईमाणसांशी खाली मान घालून बोलतात. त्या दिवशी मान वर करून म्हणाले, "म्याडम, संस्कार हाईत म्हनून माझी पोरगी गात व्हती. न्हाईतर तिनं दुसरं काय केलं असतं." आणि माझा हात धरून खाली घेऊन आले.

जपानीची पुढची परीक्षा मी घरी अभ्यास करून दिली. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. कंपनीतली केबिन मिळाली. तिथलं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची बोलणी इकडून तिकडे नेणं, ते फार काळ झेपलं नाही. आता पालेगावात नव्या बिल्डिंगमध्ये भाड्याच्या खोलीत माझा स्वतःचा क्लास आहे. पोरं गाण्यांवरून अक्षरं शिकतात. 'र' वर आमच्याकडे आता पुष्कळ गाणी जमलीत. पोरंच आणतात, मी तपासते, पप्पा चाली बसवतात.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. आवाज ओळखायला वेळ लागला नाही.

"मुंबईत स्पर्धा आहे," ती म्हणाली. "'र' मध्ये आमच्याकडे काहीच नाही. तू खूप जमवलीयस असं ऐकलं."

"हो."

"पाठवशील?"

"नाही."

"अगं, किती वर्षं झाली त्याला."

"झाली ना," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पप्पा समोरच पेटी पुसत बसले होते. "द्यायची व्हतीस," ते म्हणाले. "गानं अडवू न्हाई, बाय."

"गाणं नाही अडवत पप्पा. तिला अडवतेय."

"तिला काय फरक पडनार?"

"मला पडतो."

त्यांनी पेटीवर कापड टाकलं आणि चप्पल घालून विहाराकडे निघून गेले. पुढे काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी गाणी पाठवली नाहीत. तिच्या स्पर्धेचं काय झालं, त्याची चौकशीही केली नाही.

परवा पालेगावच्या नाक्यावर ती रिक्षातून उतरताना दिसली. केस पांढरे झालेत, हातात भाजीची पिशवी. तिनं मला बघितलं, मी तिला बघितलं. दोघींपैकी कोणी मान हलवली नाही. ती सुट्टे शोधत रिक्षावाल्याशी वाद घालायला लागली आणि मी रस्ता ओलांडून क्लासला गेले.