बाबांच्या पोटातला तुकडा

बाबांना अल्सर आहे, असं आम्ही घरच्यांनी मिळून ठरवलं. खरा रिपोर्ट जठराच्या कॅन्सरचा होता, आणि कॅन्सरही पसरलेला, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. पण आईने जिन्यातच मला बजावलं, "तो शब्द घरात काडूचो नाय." मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे काय शिजतंय ते वरच्या मजल्यापर्यंत कळायचं, तेव्हा खोटं बोलायचं तर सगळ्यांशी एकच बोलायला हवं होतं.

खोट्या आजाराचंही पथ्य पाळावं लागतं, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. शेजारचे काका स्वतःच्या अल्सरच्या भांडवलावर रोज येऊन थंड दूध सुचवायचे, आणि त्यांना नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. गिरणी सुटली तरी ज्यांची मासळी सुटली नव्हती, त्या बाबांना आम्ही दूधभात भरवत होतो. नसलेल्या आजाराचं पथ्य चोख, असलेल्या आजारावर काहीच नाही. मला याचा भयंकर राग यायचा.

मग आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना शंका आली. जठराचा आणखी एक कॅन्सर असतो, लिम्फोमा. क्वचितच सापडतो, आणि दिसायला नेहमीच्या कॅन्सरसारखाच. पोटात दुर्बीण घातली तरी फरक कळत नाही, घाईत पाहिल्या तर पेशीही फसवतात. पण तो औषधांना दाद देतो. "लॅबमधून ब्लॉक आणा आणि दुसरीकडे दाखवा," ते म्हणाले.

ब्लॉक म्हणजे मेणाची छोटी वडी. बाबांच्या पोटातून काढलेला तुकडा तिच्यात बसवलेला होता. तेव्हा लॅबवाले असल्या वस्तू कागदात गुंडाळून सरळ नातेवाइकांच्या हातात ठेवायचे. मी ती घरी आणली. आमच्याकडे नव्या घड्याळापासून परीक्षेच्या हॉल तिकिटापर्यंत सगळं आधी देवापुढे जायचं. आईने वडीही ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि समई लावली. देव्हारा केवढासा, त्यामुळे वडी समईला अगदी खेटून.

थोड्या वेळाने पाहते तर एका बाजूने मेण पाघळलेलं. "वाट लावलीस गं सगळ्याची!" मी ओरडले.

"काय झाला गो?" बाबांनी आतून विचारलं.

"तेल सांडला," आई म्हणाली. तोवर तिला खोटं बोलायची चांगली सवय झाली होती.

मोठ्या हॉस्पिटलातल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी वडी उजेडात धरली. "याला कुंकू कुणी लावलं?"

"आईने. देवापुढे ठेवलं होतं."

"देवाने पाहिलंय, तर मग माझ्याकडे कशाला आलात?" त्या म्हणाल्या. पण तुकडा शाबूत होता. तो नव्या मेणात बसवून, पातळ काप काढून, वेगवेगळ्या रंगांत रंगवून त्या पाहणार होत्या. "नेहमीचा निघाला तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसेल. दुसरा निघाला तर आशा आहे."

देवावर माझा कधी फारसा विश्वास नव्हता. पण रिपोर्ट येईपर्यंत मी त्याच्याकडे मनापासून एकच मागणं मागत होते: माझ्या बापाला दुसरा कॅन्सर होऊ दे. असलं मागणं त्याच्याही कानावर पहिल्यांदाच पडलं असेल.

दुसराच निघाला. मी स्टेशनबाहेर पेढे घेतले आणि घरी येऊन स्वयंपाकघरात आईला हळूच सांगितलं. मग बाबांपुढे बॉक्स धरला.

"पेढे कसले गो?" त्यांनी विचारलं.

मी अल्सरचं काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात माझ्यामागून आई आनंदाने ओरडली, "अवो, तुमका कॅन्सर आसा! पण औषधान बरो होणारो!"

बोलून गेल्यावर तिने पदर तोंडाशी धरला. बाबा पेढा हातात धरून तिच्याकडे पाहत राहिले.

"ह्या सगळा तू एकटीन सोसलंस?" ते म्हणाले.

पहिला रिपोर्ट आल्यापासून एकदाही न रडलेली आई तिथेच खाली बसली आणि रडू लागली.