खिशातले फ्यूज

वादळाने किनाऱ्यावरच्या त्या शहराचे विजेचे खांब आडवे केले आणि ते उभे करायला आम्हा सोलापूरच्या लाइनमनना धाडलं. समुद्र पहिल्यांदाच बघायला मिळणार म्हणून मी खुशीत होतो. माझे जोडीदार अण्णा. खांबावर ते चढणार, खाली मी. निघताना वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं माझ्या हातात दिलं.

"भावजी, ह्यांच्याकडं लक्ष असू द्या."

समुद्र बघायला सवड कुठली! उडालेले पत्रे, घरांवर ताडपत्र्या, रस्त्यात आडवे माड. जाऊ तिथं घोळका. "लाइट कधी येणार?" दोन दिवस मी गोड बोललो, मग डोकं फिरलं. सकाळी वाळूत उभा केलेला खांब दुपारी कलायचा. आमच्या मुरमात असलं होत नाही. अण्णा वर गेले की ते खाली येईपर्यंत माझी नजर खांबाच्या बुंध्यावरच.

एका गल्लीतल्या ताई आम्हाला रोज चहा द्यायच्या. त्यांच्या गल्लीचं काम निघालं, तेव्हा त्याच दिवशी लाइट द्यायचीच असं मी मनाशी ठरवलं. गल्लीला वीज देणाऱ्या डीपीचे फ्यूज स्वतः काढून खिशात घातले. आमच्याकडे फ्यूज लाइनमनच्या खिशात म्हणजे लाइन मेलेली, पुढं कुणी विचारत नाही. अण्णा मात्र, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून तारांवर टाकायच्या अर्थिंगच्या साखळीचा गुंता सोडवत बसले.

"आवो अण्णा, फ्यूज माज्या खिशात हाईत की! चढा आता. आभाळ आलंय बगा."

"फ्यूज तुज्या खिशात हाईत. जीव माजा हाय."

मला राग आला. म्हातारा मुद्दाम वेळ काढतोय, असंच वाटलं.

त्यांनी साखळी जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडली आणि तारांवर फेकली. फाडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. जवळच्या घरातली जी घरघर मी मघापासून ऐकत होतो आणि मनावर घेतली नव्हती, ती गचके देत थांबली. जनरेटर होता. मेन स्विच बंद न करताच जोडलेला. त्याची वीज उलटी आमच्या तारांत येत होती.

ताई चहा घेऊनच बाहेर आल्या. "दादा, आमचा जनरेटर बंद का पडला हो? सासूबाईंच्या वाफेच्या मशिनसाठी आजच भाड्यानं आणलाय."

अण्णांनी शांतपणे कप घेतला. "ताई, आदी मेन बंद करायचा, मग हे चालवायचं." मी पळत जाऊन त्यांचा मेन बंद केला. कप रिकामा करून अण्णा खांबावर चढले. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी गल्लीत लाइट आली. पोरं ओरडली, टाळ्या वाजल्या. तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"भावजी, लक्ष हाय न्हवं ह्यांच्याकडं?"

फ्यूज केव्हाच जागेवर बसवले होते. तरी माझा हात खिसाच चाचपत होता.

"हाय की वहिनी," मी म्हणालो.