जेवताना केलेल्या नकला

माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवायला काही उरायचं नाही. लघवीच्या तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या पुरुषांच्या नकला मी घरी जेवताना करायची. एकदा-दोनदा नव्हे, वर्षानुवर्षं. आणि वर स्वतःला मोठी कलाकार समजायची.

मी शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात रेकॉर्ड विभागात होते. पेशंट घरी गेला की त्याची फाइल आमच्याकडं यायची. डॉक्टरांनी लिहिलेलं वाचायचं, प्रत्येक आजाराचा, प्रत्येक तक्रारीचा ठरलेला कोड शोधायचा आणि कॉम्प्युटरवर चढवायचा. विम्याचं सगळं त्यावर चालायचं. नुसतं ‘लघवीला त्रास’ असं लिहिलेला कागद मी सरळ परत पाठवायची. त्रास म्हणजे कोणता? सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक झालीय, जोर लावावा लागतो, की होऊनही राहिल्यासारखी वाटते? प्रत्येकाचा कोड निराळा. नवे डॉक्टर मला बघून दुसऱ्या जिन्यानं जायचे. मला त्याचाही तोरा होता.

आमची खिडकी ओपीडीच्या दाराशीच, त्यामुळं कागदांसोबत माणसंही दिसायची. मुकुंदवाडीच्या आमच्या घरात ताटं वाढली की माझा खेळ सुरू. ‘माझ्या मित्राला त्रास आहे’ म्हणत स्वतःच पोट धरून बसलेला एक जण. शिट्टी वाजवल्याशिवाय ज्याचं सुरूच होत नसे, तो दुसरा. डॉक्टरांनी नवऱ्याला विचारावं आणि बायकोनंच सगळी उत्तरं द्यावीत, अशी एक जोडी. मी नाव कुणाचंच सांगत नव्हते, म्हणून त्यात वाईट काही नाही असं माझं मीच ठरवून टाकलेलं. मुलगा घास हातात धरून हसायचा, मुलीला ठसका लागायचा. आमचे हे वाळूजला कंपनीत कामाला. अबोल माणूस. मान खाली घालून हसायचे, नुसते खांदे हलायचे.

मुलीचं लग्न होऊन ती सासरी गेली त्याच सुमारास ह्यांना बाथरूममध्ये फार वेळ लागायला लागला. आत नळ सुरूच. आमच्या भागात महापालिकेचं पाणी किती दिवसांनी येईल त्याचा नेम नाही, आणि हा माणूस टाकीचं पाणी असंच सोडून देतो म्हटल्यावर माझं टाळकं फिरायचं. बाहेरून ओरडायची, टाकी काय आजच रिकामी करायची का म्हणून. लगेच आतला नळ तेवढा बंद व्हायचा.

एकदा भाचीच्या लग्नाला आम्ही जीपनं कन्नडला निघालो. वेरूळ यायच्या आत ह्यांनी दोनदा गाडी थांबवली. बाभळीमागं गेले आणि कितीतरी वेळानं परतले. भरल्या जीपमध्ये मी म्हटलं, बाभळीला पाणी घालून आलात, आता आंबे लागतात का बघू. सगळी जीप हसली. ड्रायव्हर हसला. हेही हसले.

ह्या माणसाची लघवी अडतेय, हे त्या जीपमध्ये एकाच बाईला कळायला हवं होतं, आणि ती बाई विनोद करत होती.

मग एका सकाळी कंपनीच्या बसमधून दोघांनी त्यांना धरून आमच्याच दवाखान्यात आणलं. लघवी पूर्ण तुंबलेली, ओटीपोट दगडासारखं. मला खालच्या तातडीच्या विभागातून बोलावणं आलं. मी पोचले तोवर नळी घातली होती आणि पिशवी भरत होती. डॉक्टर तरुण होता. मी शेजारी उभी, म्हणून असेल, त्यानं एकही प्रश्न गाळला नाही. वेळ लागतो का? धार कशी आहे? जोर लावावा लागतो का? हे भिंतीकडं बघून ‘व्हय’ म्हणत गेले. शेवटी आपणहून म्हणाले, “नळ सोडला की होतं.”

मी पलंगाची दांडी धरली.

कधीपासून, असं डॉक्टरनं विचारलं. आधी म्हणाले, आजच. सोनोग्राफी झाल्यावर डॉक्टरनं पुन्हा विचारलं, कारण किडन्या सुजल्या होत्या आणि ते काही एका दिवसाचं काम नव्हतं. तेव्हा माझ्याकडं न बघता सांगितलं, पोरीच्या लग्नाच्याही आधीपासनं.

प्रोस्टेटची गाठ वाढली होती, एवढंच. वेळेवर आलेली कितीतरी माणसं गोळ्यांवर बरी झालेली मी माझ्या हातानं नोंदवली होती. ह्यांचं ऑपरेशन झालं, वाट मोकळी झाली. किडन्या मात्र परतल्या नाहीत. आठवड्यातून दोनदा डायलिसिस मागं लागलं.

फाइल माझ्याच टेबलावर आली. शेजारची म्हणाली, ठेव, मी करते. मी दिली नाही. वेळ लागणं, बारीक धार, जोर, राहिल्यासारखं वाटणं, तुंबणं. एकाखाली एक सगळे कोड घातले. कोडचं पुस्तक उघडावं लागलं नाही, सगळे पाठ होते.

आता हे नाहीत. नात मागं लागते, आजी, नक्कल कर. मग मी एकाच बाईची करते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल पेन, जगातल्या समस्त लघव्यांची मालकीण. नात हसून लोळते. ही बाई कोण, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

ह्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात एकदा डायलिसिस चालू असताना मी त्यांच्या उशाशी स्टुलावर बसले होते. हात गार पडला होता, तो चोळत होते. किती दिवस तोंडाशी आलेलं त्या दिवशी विचारून टाकलं. म्हटलं, पोरांपुढं तुमचीही नक्कल करीन, ह्याला भिऊनच बोलला नाहीत ना? ते मशिनकडं बघत होते. तसेच म्हणाले,

“भ्यालो नाय गं. माझं कळलं असतं तर तू नकला करणंच सोडलं असतंस. आन् मला त्या लई आवडायच्या.”