सामनेवाले क्रमांक दोन

कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. सुट्या भागातली केसाएवढी चीर मला दिसायची. घरातल्या कुकरची खराब झडप मात्र दिसली नाही. एका रविवारी झाकण उडालं, छताला आपटलं आणि तूरडाळीचा पिवळा नकाशा कायमचा वर उमटला. मी दारात उभा होतो म्हणून वाचलो.

कुकर आणला होता मास्तरांनी. ते माझ्या वरच्या खोलीत राहतात. बायको गेल्यापासून मी एकटा, ते तर जन्माचेच एकटे, त्यामुळे रात्रीचं जेवण आमचं एकत्र असे. तिसरी शिट्टी झाली की ते जिना उतरत. नाशिकहून पेठमार्गे गुजरातेत भाच्याच्या लग्नाला गेले, तेव्हा येताना माझ्यासाठी कुकर घेऊन आले.

ग्राहकांचा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता. मला चेव चढला. पण दुकान गुजरातेत, कंपनी गुजरातेत. कायदा साऱ्या देशाला एकच, तरी आमच्याकडे ग्राहक मंच सुरू झालेला आणि तिकडे अजून खुर्च्यांचाही पत्ता नाही, असं ऐकलं. मग पुस्तिका आणून मी कलमं चाळली. ज्यांच्यावर तक्रार, त्या सामनेवाल्यांपैकी एक जण जरी नाशिकचा असला तरी तक्रार नाशकात चालेल, असा अर्थ मी काढला. आता नाशिकचा आणायचा कुठून?

कंपनीच्या खाली मी मास्तरांचं नाव घातलं. वर, इतक्या किरकोळ गोष्टीसाठी त्यांना काय सांगायचं, म्हणून सांगितलंही नाही.

रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. संध्याकाळी मास्तर खाली आले ते कागद हातात धरूनच.

"इन्स्पेक्टर, सामनेवाले क्रमांक दोन म्हणजे मी का?"

"अहो, ते नुसतं कागदावर. कायद्याची सोय!"

"मी तुम्हाला सदोष माल पुरवून तुमच्या जिवाला धोका निर्माण केला, असं लिहिलंय."

"सगळ्यांना तेच लिहावं लागतं हो. बसा, आमटी गार होतेय."

"नको. आरोपीनं फिर्यादीकडे जेवू नये," म्हणाले आणि जिना चढून गेले.

मला वाटलं, चार दिवसांत येतील.

तारखेला ते शाळेत रजा टाकून आले. इस्त्रीचा सदरा, मांडीवर कागदाची घडी. मंचाच्या अध्यक्षांनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"कुकर फुटला कुठं?"

"इथंच साहेब, नाशकात. माझ्या स्वयंपाकघरात."

"मग तेवढ्यावर तक्रार इथं चालली असती. या गृहस्थांना कशाला ओढलंत?"

मी पुस्तिकेतलं कलम दाखवायला लागलो. त्यांनी पान उलटून पुढचं दाखवलं. तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं.

मास्तरांना वगळलं. बाहेर येऊन मी त्यांना हाक मारली, तोवर ते सिटी बसमध्ये चढले होते. पुढं कंपनीनं मुकाट नवा कुकर पाठवला. जिंकलो म्हणायचं.

नव्या कुकरची झडप मी रोज तपासतो. दोन ताटं काढतो. तिसऱ्या शिट्टीला वरचं दार वाजतं, जिन्यावर चपला उतरतात. मी गॅस बंद करून ऐकत राहतो. चपला माझ्या दारावरून पुढं खानावळीकडे जातात. मग एक ताट परत फळीवर ठेवतो.