कोळंबीला खवले नसतात

८ जून, रविवार. जेवणासाठी कोळंबी सोलत बसले होते. तेवढ्यात आमच्या क्लासच्या मालकांचा निरोप आला : ‘उद्या हेमाच्या बॅचला कुणी उभं राहणार नसेल, तर मुलींना रेकॉर्ड केलेल्या धड्यांवर वळवतो.’ हात बरबटलेले होते, म्हणून लगेच उत्तर दिलं नाही. ते बरंच झालं.

हेमा एप्रिल संपता संपता गेली. सकाळी तिच्या भावाचा फोन आला, “सुलूताई, हेमाला अटॅक आला... नाही राहिली.” तिच्या बॅचच्या मुली क्लासमध्ये येऊन बसल्या होत्या, त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. अंधेरीत एका औषधाच्या दुकानावर आमचा क्लास आहे. मी एक्सेल आणि टॅली शिकवते, ती प्रोग्रामिंग शिकवायची. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, आई मासळी विकणारी, त्यामुळे आवाज असा की माइकची गरज नाही. माझी बॅच संपली की ती मला स्वतःच्या वर्गात ओढून मागच्या बाकावर बसवायची. “एक्सेलवर किती वर्षं काढणार गं? शीक जरा.”

तिथेच मी इनहेरिटन्स, म्हणजे वारसा, शिकले. प्रोग्राममध्ये ‘क्लास’ म्हणजे एखाद्या प्रकारच्या गोष्टीचा साचा. हेमा फळ्यावर आधी ‘मासा’ हा साचा काढायची आणि त्यात एक काम लिहायची : खवले काढ. मग त्याच्याखाली ‘रावस’. रावसात ते काम पुन्हा लिहायचं नाही, वरून आपोआप मिळतं. खाली फक्त रावसाचं स्वतःचं, वेगळं असेल तेवढंच लिहायचं. मला वाटलं, एवढंच ना! मी झटक्यात ‘मासा’खाली ‘कोळंबी’ लिहून प्रोग्राम चालवला. संगणकानं जरासुद्धा कुरकुर न करता छापलं, ‘कोळंबीचे खवले काढले.’ हेमा मागे येऊन उभी होती.

“ए सुलू, तुझ्या कोळंबीला खवले कधी फुटले गं?”

“बाजारात एकाच पाटीत तर असतात!”

“पाटी एक असली म्हणून सगळी एकाच घरची होतात काय?”

मुली हसून हसून लोटपोट. मी म्हटलं, मग हा संगणक बोलला का नाही? “तो कशाला बोलेल? तू सांगितलंस कोळंबी मासा आहे, त्यानं मानलं. खालच्याला वर चिकटवण्याआधी विचारायचं, वरचा जे जे करतो ते ह्याला खरंच जमतं का?” मग तिनं सगळ्यांच्या वर ‘मासळी’ हा साचा काढला, त्यात नुसतं ‘साफ कर’. रावसानं खवले काढावेत, कोळंबीनं साल आणि पाठीतला काळा दोरा. ज्याचं त्यानं बघावं.

हेमा गेल्यापासून तिची आताची बॅच नेमकी या धड्यापाशी अडली होती. यातल्या बऱ्याच मुलींच्या घरी संगणक नाही, जी काय चूक करायची ती आमच्याकडेच. आणि ही चूक संगणक दाखवत नाही. रेकॉर्ड केलेला धडाही मागे येऊन उभा राहत नाही... मला हेमाच्या दहा टक्केसुद्धा येत नाही, हे मालकांना माहीत होतं, मलाही. हात धुतले आणि कळवलं, ‘मी घेते.’

सोमवारी सकाळी मी हेमाच्या फळ्यापाशी उभी राहिले. आवाज तिचा नव्हता, मागच्या मुलींनी दोनदा “मॅडम, मोठ्यानं” म्हटलं. मासळी, रावस, कोळंबी इथवर नीट पोचले. मग रेश्मानं हात वर केला, “मॅडम, चिंबोरी कुठे बसवायची? तिचं कवच फोडायचं, नांग्या वेगळ्या.” हेमानं तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. मी तसा प्रयत्न केला नाही. मार्कर रेश्मापुढे धरला आणि म्हटलं, “ये, लिही. चुकलीस तर आपण दोघी मिळून बघू.” आणि तिच्या मागे जाऊन उभी राहिले.