मंजुरीआधीची सही

फ्रँकफर्टच्या विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेतून इरा मला टाटा करत होती, माझ्या आईच्या कडेवर बसून. लोक परदेशात जाताना आईबापांना मागे सोडतात. मी माझ्या तीन वर्षांच्या मुलीला पुण्याला पाठवत होते आणि स्वतः एकटी हायडेलबर्गला परतणार होते. आई एकदाच वळली आणि म्हणाली, "जेवत जा गं वेळेवर." मी मान डोलावली. त्या दोघी दिसेनाशा झाल्यावर तिथल्याच एका बाकावर बसून हमसाहमशी रडले. कोणी ढुंकूनही बघितलं नाही, ते एक बरं झालं.

आमच्या बाबांची आयुष्यभराची शिकवण एकच: आधी जागा धर. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून त्यांचा रुमाल आत पडलेला असायचा. माझी कॉलेजची ॲडमिशनही तशीच झाली. आधी सीट घेतली आणि फीची सवलत नंतर वर्षभर चपला झिजवून मिळवली. आपल्याकडे हे असंच चालतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मी पुणं सोडलं, पण ही सवय काही सुटली नाही.

नवरा अमेय आणि मी वेगळे झालो, तो म्युनिकला गेला. माझ्याकडे राहिली इरा आणि एका लॅबमधली अर्ध्या वेळेची नवी नोकरी. तीही प्रोबेत्साइटमध्ये, म्हणजे पहिले काही महिने ते कधीही नारळ देऊ शकतात. व्हिसा नोकरीवर, आणि नोकरी इराच्या किटावर. किटा म्हणजे इथलं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. शहराच्या सरकारी किटांना ही भलीमोठी वेटिंग लिस्ट. तोवर इराला सांभाळायला आई आली होती, पण तिचा व्हिसा तीन महिन्यांचाच.

तेवढ्यात एका खाजगी किटात जागा निघाली. तिथल्या मुख्य बाईंनी विचारलं, "युगेंडआम्टचा बेशाइड आलाय का?" बेशाइड म्हणजे मंजुरीचं पत्र. युगेंडआम्ट हे इथलं बालकल्याणाचं सरकारी ऑफिस; कमी पगाराच्या पालकांची फी ते भरतं, पण अर्ज मंजूर झाला तर. मी म्हटलं, "हो, हो, अर्ज केलाय, येईलच." त्या म्हणाल्या, "आधी मंजुरीची खात्री करा, मग सही करा." मला वाटलं, बाई नियम सांगतायत; नियम काय, सगळेच सांगतात. उद्या दुसऱ्या कोणी जागा पटकावली तर? मी तिथल्या तिथे सही ठोकली. घरी आईने शिरा केला. बाबा फोनवर म्हणाले, "जागा धरलीस ना, मग झालं."

कसलं झालं. युगेंडआम्टमधल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की या किटाची फी आमच्या मर्यादेच्या फार वर आहे, त्यातला थोडाच भाग आम्ही देऊ शकतो. उरलेली फी भरली असती तर घरभाडं राहिलं असतं. "सही करण्याआधी एक फोन केला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यापुढे हात जोडले. खरंच जोडले. त्या गोंधळल्या आणि मला पाण्याचा ग्लास दिला. त्या वाईट नव्हत्या हो, तेच तर अवघड होतं. भांडायचं तरी कोणाशी?

किटाने भलेपणाने करार रद्द केला, पण जागा गेली. आईचं परतीचं तिकीट तोंडावर आलं होतं. लॅबमध्ये रजा मागायची सोय नव्हती. "इराला मी नेते," आई म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पोळ्या लाटत राहिली. अमेयने संमतीच्या कागदावर निमूट सही केली. मला त्याचाही राग आला. थोडं तरी भांडायचं होतंस रे.

तुमच्यापैकी जे बाळं घेऊन इकडे निघालायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. रुमाल टाकू नका. आधी विचारा, कागद हातात घ्या, मग पुन्हा विचारा.

आता पाच महिन्यांनी सरकारी किटात जागा मिळाली आहे. यावेळी मी आधी युगेंडआम्टला फोन केला, ईमेल मागवली, बेशाइड आल्यावर पुन्हा फोन केला. "हो, बरोबर, सगळं मंजूर आहे," पलीकडच्या बाई वैतागून म्हणाल्या. मग पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. इरा बाबांच्या मांडीवर बसून वरणभात खात होती. जाताना जिला प्रत्येक गोष्टीला जर्मन 'नाइन', म्हणजे 'नाही', म्हणायची सवय होती, ती आता घडाघडा मराठी बोलते.

"इरा, आता घरी यायचं हं."

"मी घरीच आहे," ती म्हणाली. "तू कधी येणार?"

बाबा हसले. आई हसली नाही.

सही मी उद्या करणार आहे. तिला आणणार आहे, कारण तिच्याशिवाय मला इथे एक दिवस काढवत नाही. तिकडे ती रडेल, आई रडेल, आणि त्याला कारण मी असेन. इतकी वर्षं मला वाटायचं, आईबाबा आहेत ते घर. मग वाटायला लागलं, इरा आहे ते घर. आज सगळी एका खोलीत आहेत, आणि मी तिथे नाही.